माळकऱ्याच्या घरातली बदकं

निकिता लग्न होऊन आमच्या शेजारी आली त्याच आठवड्यातली गोष्ट. मी घरामागच्या सांदवाडीत भांडी घासत होते. मधल्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. कपाळावर ताजं कुंकू, हातात हिरवा चुडा.

"दीपावैनी, तुमच्या कोंबड्या अंडी कोठी घालतेत?"

"तुरीच्या कुटाराच्या ढिगात. काहून वं?"

"तुमची तांबडी आता दुसरीकडंच घालून आली. लाकडाच्या मागून आवाज आला तिचा. जाऊन पाहा."

मी जाऊन पाहिलं. लाकडांच्या मागे नऊ-दहा अंडी पडलेली. किती दिवसांपासून ती कोंबडी मला फसवत होती कोणास ठाऊक.

निकिता फुलसावंगीची. तिच्या आईच्या अंगणात कायम चाळीस-पन्नास कोंबड्या असायच्या आणि ही पोरगी त्यांच्यातच रांगायला शिकली. आमच्या बोरी अरबच्या भगवानरावांकडून पाहुणे तिला पाहायला गेले, तेव्हा कोणीतरी विचारलं, "तुले आवड कशाची हाय?" ही म्हणाली, "कोंबड्यांची." सगळे हसले. पोरगी थट्टेखोर आहे असं वाटलं त्यांना. ती खरं बोलत होती हे लग्नानंतर कळलं.

अडचण अशी होती की तिचे सासरे भगवानराव माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, घरात अंडं येणं तर सोडाच, पण एकादशीला कांदासुद्धा चुलीजवळ यायचा नाही. माणूस भला, शब्दाचा पक्का. शेतात कपाशीची पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, विहिरीला बारमाही पाणी, कशाला कमी नाही. गल्लीतल्या भांडणात त्यांचा शब्द मानला जायचा. अशा घरात कोंबडी पाळायची म्हणजे काय? निकिताचा नवरा अमर स्वभावाने गरीब. तो तिला म्हणाला होता, "बाबासमोर हा विषय काढू नको. मी तुले शेळी आणून देतो पाहिजेन तर."

"शेळी माझ्या आवडीची नाही," निकिता म्हणाली. तिने विषय काढला नाही, पण सोडलाही नाही.

वर्षभराने विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली. नदीकडच्या मोहल्ल्यात अफरोजचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. अमर दुरुस्तीला टाकलेली मोटर आणायला निघाला तशी निकिताही सोबत गेली. दुकानाच्या मागेच अफरोजचं घर, आणि अंगणात त्याची आई सुग्राबी बसलेली. सुग्राबीची बदकं सगळ्या गावाला माहीत होती. सकाळी रांगेने अडाण नदीवर जायची आणि दिवस कलला की रांगेनेच परत यायची. पुढे बदकं, मागे काठी घेऊन सुग्राबी. पण आता तिचे गुडघे गेले होते. एकेक करत तिने बदकं देऊन टाकली होती. फक्त तीन उरली होती, दोन माद्या आणि एक नर.

निकिता त्यांच्याजवळ उकिडवी बसली. मोटरीचं काम होईपर्यंत ती तिथून उठली नाही. सुग्राबीने पाहिलं, पोरीने बदकाच्या पायाला लागलेला दोरा नखाने हळूच सोडवला आणि बदक पळालं नाही.

"बेटा, तू घेऊन जाय याह्यले," सुग्राबी म्हणाली. "मले आता यांच्या मागं चालणं होत नाही. पण कापाले नको देजो. इतकीच बात हाय माही."

"नाही देणार, खाला."

अमर तोवर मोटर मोटारसायकलला बांधत होता. त्याने मागे वळून पाहिलं तर बायकोच्या मांडीवर टोपलं आणि टोपल्यातून तीन माना वर आलेल्या.

"बाबा काय म्हणतीन?"

"मी बोलीन त्यायच्यासंग. तुमी गाडी चालवा."

भगवानराव ओट्यावर पोथी वाचत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. मी भिंतीजवळच होते, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"मामाजी, तुमच्या पालकाच्या वाफ्यात गोगलगायी झाल्या ना, त्यासाठी आणले हे."

"कोंबड्या हायेत काय?"

"कोंबड्या नाहीत. बदकं. पाण्यातली पाखरं. हंसाच्या जातीची."

म्हातारे टोपल्याकडे बघत राहिले. त्या वर्षी गोगलगायींनी खरंच त्यांचा जीव खाल्ला होता. विहिरीजवळ त्यांचे वांग्याचे, पालकाचे, कोथिंबिरीचे वाफे. रोज पहाटे ते कंदील घेऊन गोगलगायी वेचायचे आणि मीठ टाकलेल्या डब्यात भरायचे. माळकरी माणसाला तेही जड जायचं.

"अंडं देते हे?"

"देते. पण आपल्या घरात खाते कोण?"

"मंग काय करशीन त्याचं?"

"पिल्लं काढीन."

मग भगवानरावांनी पोथी मिटली. "घरात नाही येऊ द्याचे. सांदवाडीत राहू दे. अन् मी हात नाही लावणार, आताच सांगून ठेवतो."

"तुमाले हात लावा म्हणतच नाही मी," निकिता म्हणाली आणि टोपलं घेऊन मागे गेली.

बदकांनी आठवड्याच्या आत वाफे साफ केले. चोच चिखलात खुपसून, मान हलवत, एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या बाजूला निघायची. भगवानराव लांब उभं राहून बघायचे. एके सकाळी त्यांनी निकिताच्या सासूबाईंना, म्हणजे लीलाबाईंना, हाक मारून दाखवलंसुद्धा, "पाह्य, कसं वेचते ते."

गोगलगायी संपल्यावर बदकांनी कोथिंबीर खाल्ली. सगळी. भगवानराव लाल झाले.

"याच्यापरीस गोगलगायी परवडल्या असत्या," ते म्हणाले.

त्याच दुपारी निकिताने वाळलेल्या पऱ्हाट्या ओढून आणल्या आणि वाफ्याभोवती कुंपण घातलं, असं दाट की चोच जाणार नाही. बदकांसाठी एका कोपऱ्यात आत-बाहेर करायला एक झाकण ठेवलं. सकाळी दवात गोगलगायी वर असतात तेवढाच वेळ त्यांना आत सोडायची, ऊन चढलं की बाहेर. कोथिंबीर परत उगवली. भगवानरावांपुरता प्रश्न मिटला.

पुढची अडचण अंड्यांची. बदकाची मादी अंडी घालते, पण त्यांच्यावर बसायचं नाव घेत नाही. चालता चालता कुठेही टाकेल आणि मागे वळून पाहणार नाही. सुग्राबीच्या बदकांची तर तीच रीत होती. निकिताने अंडी जमवली आणि एके सकाळी भिंतीवर आली.

"दीपावैनी, तुमची काळी खुडूक झाली ना?"

कोंबडी खुडूक होते म्हणजे तिला अंडी उबवायची हौस येते. अंग फुगवून बसते, जवळ गेलं की गुरगुरते, दाणापाणी विसरते. माझी काळी तशी झाली होती.

"पिल्लं निघेपर्यंत द्या मले तिले," निकिता म्हणाली.

मी भिंतीवरूनच कोंबडी दिली. लीलाबाई पाट टाकून भाजी निवडत होत्या. त्यांनी पाहिलं.

"बदकं म्हणली होती तू. आता कोंबडी कशी आली घरात?"

"भाड्यानं आणली, आत्याबाई. काम झालं की जाईन."

लीलाबाईंना हसू आवरलं नाही. त्या तशा कडक नव्हत्याच. नवऱ्याचं व्रत ते आपलं व्रत, एवढंच त्यांचं होतं. पण काळी बसून तीन आठवडे झाले तरी एक अंडं फुटेना, तेव्हा त्या घाबरल्या. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, कोंबडी तीन आठवड्यांत पिल्लं काढते.

"फेकून दे व ते अंडी. सडली असतीन. घरात वास सुटीन."

"बदकाच्या पिलाले चार आठवडे लागतेत, आत्याबाई."

"कोणं सांगतलं?"

निकिताने सांगत बसण्यापेक्षा दाखवणं पसंत केलं. कापूस ठेवायच्या कोठीत दिवसासुद्धा अंधार असतो. तिने सासूला आत नेलं, दार लावलं, आणि मोबाइलचा टॉर्च अंड्याखाली धरला. मलाही बोलावलं होतं. अंडं आतून लाल दिसलं, कडेला हवेची पोकळी, आणि मधल्या काळ्या सावलीत काहीतरी सरकलं. लीलाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"हललं व," त्या हळूच म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी काळीसमोर स्वतःच्या हाताने पाण्याची वाटी सरकवली. अंडी फेकायची गोष्ट त्यांनी परत काढली नाही.

चौथ्या आठवड्यात पिल्लं निघाली. पिवळी, चपट्या चोचीची. काळीने त्यांना आपली मानली. अंगणभर घेऊन फिरली, पंखाखाली घेतलं, उकरून किडे दाखवले. पिल्लांना उकरायचं काही कळेना, पण ती तिच्या मागे मागे राहायची.

विहिरीजवळ सिमेंटचा हौद आहे, बैलांना पाणी पाजायचा. त्याच्या काठाला मातीचा उतार केलेला. एका दुपारी पिल्लं उतारावरून वर गेली आणि एकामागून एक पाण्यात. काळी काठावर वेडीपिशी झाली. इकडून तिकडे धावे, ओरडे, मान लांब करी. पिल्लं मजेत पोहत मधोमध गेली. आणि मग त्या कोंबडीने पाण्यात उडी घेतली.

मी भिंतीवरून पाहत होते, पण माझ्याने काय होणार? निकिता घरात होती. हौदाजवळ फक्त भगवानराव, पाय धूत होते. कोंबडी पंख पसरून एक क्षण तरंगली, मग जड झाली, मान पाण्याखाली गेली. भगवानरावांनी कोपरापर्यंत हात घातला आणि तिला ओढून बाहेर काढलं. ती त्यांच्या हातात लटकत होती, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिला त्यात गुंडाळलं आणि उन्हात ओट्यावर घेऊन बसले. निकिता बाहेर आली तेव्हा सासरा कोंबडी मांडीवर घेऊन बसलेला.

"मायच हाय ना शेवटी," ते म्हणाले. "तिले काय ठाऊक पोरं पोहतेत म्हणून."

कोंबडी तरतरीत झाल्यावर त्यांनी आंघोळ केली. दुपट्टा निकिताला धुवायला दिला. काळीला मी परत मागितलं नाही, तिच्या बदल्यात बदकाची दोन पिल्लं घेतली. त्या दिवसापासून भगवानरावांच्या सांदवाडीत कोंबडी राहायला आली. भाड्याची ती मालकीण झाली.

वर्षभरात निकिताने कोंबड्यांचा पसारा वाढवला. भिंतीला लागून दगड-मातीचं खुराडं बांधलं, वर टिनाचा पत्रा. ज्वारीची कणी, तुरीची चुरी, घरातली उरलेली भाजी, एवढ्यात भागायचं. अंडी ती शाळेतल्या मॅडमना, दवाखान्याच्या नर्सबाईंना द्यायची. गावठी अंड्याला माणूस घरी चालत येतो, विकायला कुठे जावं लागत नाही. घरातलं स्वयंपाकघर मात्र पहिल्यासारखंच राहिलं. ती स्वतःही सासरी अंडं खात नाही. "माहेरी जाईन तवा खाईन," म्हणते. खाण्याचा तिला सोसच नव्हता, पाळण्याचा होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवी हागवण लागते, दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. आठवडी बाजारातून कोणीतरी कोंबडा आणला आणि गल्लीत रोग पसरला. माझ्या सगळ्या कोंबड्या गेल्या. निकिताच्या जवळजवळ सगळ्या. काळीही गेली. बदकांना काही झालं नाही, ती चिखलात चोच घालून फिरत होती.

मेलेली पाखरं निकिताने शेताच्या बांधावर खोल खड्डा करून पुरली, वर चुना टाकला. मी तिला रडताना पाहिलं नाही.

लीलाबाई मला म्हणाल्या, "माळेच्या घरात नाही टिकत ते. देवाले पटलं नसीन."

निकिताने ऐकलं. "तुमच्या घरी तर माळ नाही, दीपावैनी," ती म्हणाली. "तुमच्या कायले मेल्या मग?"

दुसऱ्या दिवशी ती दारव्ह्याला जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथे उर्वशी मॅडम म्हणून पशुधन पर्यवेक्षक आहेत, तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी निकिताला बसवून सगळं समजावलं. या रोगाला औषध नाही, पण लस आहे. डोळ्यात एक थेंब टाकायचा. बर्फात ठेवावी लागते, आणि बाटली एकदा उघडली की तासा-दोन तासांत संपवायची, नंतर तिच्यात दम राहत नाही. आणि एका बाटलीत शंभर पाखरांची लस.

"माझ्याकडं तर उरल्या सहा," निकिता म्हणाली.

"म्हणूनच गावात कोणी देत नाही ना," मॅडम म्हणाल्या. "एकटीचं काम नाही ते. गल्ली जमव, मी येते."

निकिताने गल्ली जमवायला घेतली. आधी सगळ्यांना नव्या कोंबड्या येऊ दिल्या, पावसाळा जाऊ दिला, पिल्लं मोठी होऊ दिली. मग घरोघर गेली. नदीकडच्या मोहल्ल्यात तिच्यासाठी सुग्राबीने निरोप फिरवला. बायका "हो हो" म्हणाल्या, पण मला माहीत होतं, अर्ध्या येणार नाहीत. कोणी म्हणे लस दिली की कोंबडी अंडी द्यायची थांबते, कोणी म्हणे सरकारी औषध, काय भरोसा.

ठरलेल्या सकाळी मॅडमचा फोन आला. एका गावात गाय अडली होती, वासरू आडवं आलं होतं, त्यांना तिकडे जावं लागत होतं. लसीचा थर्मास त्यांनी आदल्या संध्याकाळीच अमरच्या हाती पाठवला होता.

"तुला दवाखान्यात करून दाखवलंय मी. तू दे," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नको."

"घाबरत नाही मी. तुमी गाय पाहा," निकिता म्हणाली.

अमर पहाटेच सोयाबीन घेऊन यवतमाळला गेला होता. अंगणात मी कोंबड्यांची दोन डालं, म्हणजे बांबूच्या टोपल्या, घेऊन, सुग्राबीकडून आलेला अफरोज त्याच्या पिशवीतल्या चार कोंबड्यांसह, आणखी तीन-चार बायका. बस्स. बाकीच्या आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

निकिताने बाटली उघडली. आता मागे फिरणं नव्हतं. एका हाताने कोंबडी धरायची, दुसऱ्याने डोळा उघडायचा आणि थेंब सोडायचा, हे एकटीला जमेना. पहिल्याच कोंबड्याने झटका मारला आणि थेंब मातीत गेला. मी धरायला पुढे झाले, पण माझी डालं उघडी पडत होती. लीलाबाईंना कोंबडीच्या चोचीची भीती.

भगवानराव ओट्यावरून उठले. गळ्यातली माळ त्यांनी सदऱ्याच्या आत सरकवली, बाह्या वर केल्या आणि अंगणात येऊन पाटावर बसले.

"कशी धरू सांग."

निकिता म्हणाली, "दोन्ही पंख एका हातात, पाय दुसऱ्या हातात. घट्ट नको, ढिलं पण नको."

"वासराले धरते तसंच ना."

"तसंच."

त्यांनी तो झटके मारणारा कोंबडा धरला. आयुष्यभर गुरं सांभाळलेला हात. कोंबडा दोनदा धडपडला आणि गप्प झाला. निकिताने थेंब सोडला, कोंबड्याने डोळा मिचकावला, झालं. पुढचा. मग पुढचा. मी एकेक काढून देत होते, भगवानराव धरत होते, निकिता थेंब सोडत होती. त्यांच्यात बोलणं एवढंच, "घ्या," "हं," "झालं."

दारात उभ्या असलेल्या बायकांनी हे पाहिलं. माळकरी भगवानराव कोंबड्या धरून बसलेत. एक आत गेली आणि टोपलं घेऊन आली. तिच्यामागे दुसरी. मग लाइनच लागली. कोणाच्या पदरात दोन, कोणाच्या पिशवीत तीन, एकीने तर बादलीवर ताट झाकून तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. बर्फ वितळत आला तेव्हा बाटली रिकामी झाली होती आणि पाच-सहा पाखरं उरली होती. निकिताने त्या बायकांना सांगितलं, पुढच्या वेळी पहिला नंबर तुमचा.

भगवानरावांच्या सदऱ्यावर शिटांचे डाग पडले होते. त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "परत कधी द्या लागते?"

थंडी संपता संपता मानमोडी पुन्हा आली. बाजाराकडच्या भागात आधी पसरली, तिथली खुराडी रिकामी झाली. आमच्या गल्लीत दोन-तीन पाखरं गेली, तीही लस न मिळालेली. बाकी सगळी टिकली. त्यानंतर निकिताला कोणाच्या दारात जावं लागलं नाही. तारीख तिने सांगायची आणि पाखरं यायची. उर्वशी मॅडम आता बाजूच्या गावातल्या बायकांना तिच्याकडे पाठवतात.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. कोंबडे जास्त झाले. एका खुराड्यात सात-आठ कोंबडे म्हणजे दिवसभर मारामारी, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटलेली. निकिता म्हणाली, विकते. भगवानराव म्हणाले, नाही.

"घेणारा त्याले कापीन. माह्या घरातून सुरीखाली नाही गेला पाहिजेन."

"ठेवून काय करू, मामाजी? एकमेकाले मारून राह्यले ते."

"काही कर. पण ते नाही."

निकिताने हातातलं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. "गेल्या साली आपला म्हातारा बैल तुमी बाजारात विकला. घेणाऱ्याले विचारलं होतं का, कायले घेऊन राह्यला म्हणून?"

मी भिंतीच्या अलीकडे होते. असं सासऱ्याला आमच्यात कोणी बोलत नाही. भगवानराव उठून शेतात निघून गेले. दोन दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. तीही गेली नाही मनवायला. जेवणाचं ताट वेळेवर वाढायची, पाणी द्यायची, बस्स. लीलाबाई मधल्या मध्ये कावल्या.

तिसऱ्या दिवशी वाफ्यातून येताना भगवानराव खुराड्यासमोर थांबले. एका कोंबड्याचा तुरा फाटून रक्त येत होतं. त्यांनी निकिताला हाक मारली.

"घरून विकू नको. बाजारात नेऊन विक. एकादशीले नाही. अन् त्या सुग्राबीच्या तीन बदकाले कोणी हात नाही लावला पाहिजेन."

"सुग्राबी खालाले मी शब्द देला हाय," निकिता म्हणाली. "तुमी सांगा नका लागत."

त्या आठवड्यात ती स्वतः बाजारात जाऊन बसली. डोक्यावर पदर, समोर डालं. लोक बोललेच. माळकऱ्याची सून कोंबडे विकते. देवळाच्या पारावर कोणीतरी भगवानरावांना टोकलं. तिथे आमचे हे होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं. म्हाताऱ्याने पान लावता लावता उत्तर दिलं म्हणे, "माळ मी घातली हाय. तिनं नाही." आणि पान तोंडात टाकलं.

आता लग्नाला पाच वर्षं झाली. मध्यंतरी एक माणूस आला होता जीप घेऊन. म्हणाला, मोठं शेड बांधा, पिल्लं आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, चाळीस दिवसांनी आम्हीच घेऊन जाऊ, तुम्ही नुसतं सांभाळा. अमरला पटलं होतं. शेताच्या कडेला जागाही आहे. निकिताने त्या माणसाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, बरेच प्रश्न विचारले. रोग आला तर नुकसान कोणाचं? पिल्लं कोणती, हे ठरवणार कोण? एखादी कोंबडी ठेवून घ्यावी वाटली तर?

"ठेवून कशी घेता येईल, ताई? माल कंपनीचा."

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "दुसऱ्याची पाखरं राखाची असती तर मी एवढं कायले केलं असतं?"

तो गेल्यावर अमर जरा नाराज होता. निकिताने त्याला खुराड्याच्या दुसऱ्या खणाचं काम काढून दिलं. दोन दिवस विटा उचलल्यावर त्याची नाराजी गेली.

परवा खुराड्यात मुंगूस शिरलं. पाऊस पडून मागच्या भिंतीची माती सुटली होती, तिथून. सकाळी दार उघडलं तर एक कोंबडी मेलेली आणि एक गायब, सगळीकडे पिसं. मी धावत गेले. निकिता गुडघ्यावर बसून भोक तपासत होती, आत हात घालून, किती खोल आहे ते.

"किती गेल्या व?" मी विचारलं.

"दोन. खुडूक बसलेली गेली, तेवढं वाईट झालं." तिने मागे वळून टोपलीत हात घातला. "पण अंडी अजून कोमट हायेत. तुमच्याकडं बसाले तयार कोणी हाय का?"

माझ्याकडे होती, पांढरी. मी ती आणायला वळले तोवर भगवानराव सिमेंट कालवून घमेलं घेऊन आले होते आणि अमर भोकात दगड ठोकत होता. निकिताने अंडी एकेक करून पदरात घेतली, कानाशी धरली, आणि आतून खळखळणारं एक बाजूला काढून बाकीची टोपलीत परत लावली. मी आणून ठेवलेली पांढरी आधी कुरकुरली, मग पंख पसरून त्यांच्यावर बसली.